झोपमोड

शहर आवृत्तीचं शेवटचं पान सोडून ऑफिसातून बाहेर पडायला मला दीड वाजतो. बिबवेवाडीत आमच्या गल्लीला आधी एक चढ आहे आणि तो संपला की सोसायटीच्या फाटकापर्यंत लांबलचक उतार. चढ संपतो तिथे एक बंद पडलेलं रसवंतीगृह आहे. त्याच्यासमोर आले की मी स्कूटरची किल्ली फिरवते आणि गाडी नुसती सोडून देते. हे करू नये, मला माहीत आहे, दिवासुद्धा जातो. पण सवय बाबांची. कात्रजचा बोगदा ओलांडला की ते चेतक बंद करायचे, पेट्रोल वाचतं म्हणून, आणि आम्ही तिघं घाटातून वाऱ्यावर स्वार होऊन पुण्यात उतरायचो. मी काही पेट्रोलसाठी करत नाही. आई सत्तरीला आली आहे, झोप सावध. एकदा मोडली की पहाटेपर्यंत छताकडे बघत पडून राहते. म्हणून शेवटचे दोनशे मीटर मी चोरासारखी येते. कानाशी वारा, चाकाखाली बारीक खडी, आणि नाक्यावरचं कुत्रं मान वर करतं आणि परत पंजांवर टेकवतं.

गेल्या महिन्यात चहा गाळता गाळता आई म्हणाली, "ते गाडी बंद करून येणं सोड बाई. लांबून तुझ्या गाडीचा आवाज येत असतो तोवर मी झोपेतच असते. तो मध्येच तुटला की दचकून जाग येते."

म्हणजे सात वर्षं मी तिला रोज उठवत होते.

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट होती, आणि तेव्हा आम्ही दोघी हसलोही. पण ती डोक्यातून जाईना. त्याच रात्री उतारावर, हात किल्लीपर्यंत जाऊन थबकला तेव्हा, मला नादेझ्दा पोपोवा आठवली. जुलै २०१३ मध्ये मी तिची बातमी केली होती. केली म्हणजे कापली. मॉस्कोत एक ९१ वर्षांची बाई वारली होती, दुसऱ्या महायुद्धातली वैमानिक, सोव्हिएत संघाचा 'वीर' हा सर्वोच्च किताब मिळालेली. एजन्सीची कॉपी लांबलचक होती आणि पानावर जागा सहा ओळींची. तिची ८५२ उड्डाणं ठेवली, वय ठेवलं, गाव ठेवलं. विमानाला पडलेली भोकं काढली, गणवेशावरची भुंग्याच्या आकाराची पिन काढली (ती तिचं शुभशकुनाचं लेणं होती), नवऱ्याची गोष्ट काढली. जर्मन सैनिक तिच्या रेजिमेंटला रात्रीच्या चेटकिणी म्हणायचे, ते मात्र मथळ्यात घेतलं, कारण मथळ्याला तेच बरं दिसतं. आता वाटतं, तो शब्दही मराठीत नीट बसत नाही. इंजिन बंद करून ही विमानं डोक्यावरून घरंगळत गेली की तारांमधून, कापडावरून वाऱ्याचा एक सळसळाट व्हायचा, आणि तो जर्मनांना झाडूवरून जाणाऱ्या चेटकिणीचा वाटायचा. आपल्या चेटकिणी झाडूवर बसत नाहीत, त्यांचे पाय उलटे असतात. आणि केरसुणीला तर आपण लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतो, ती पायाखाली आली तर नमस्कार करतो. ते रात्री दीड वाजता कुणाला सुचणार!

पान सुटलं, पण ती बाई काही सुटली नाही. नंतरच्या वर्षांत तिच्याबद्दल मिळेल ते वाचत राहिले.

युक्रेनमधल्या दोनबासच्या कोळशाच्या पट्ट्यात वाढलेली मुलगी. वडील रेल्वेत. हिला नाचायला, गायला आवडायचं. एकदा घराजवळ एक विमान उतरलं आणि त्यातून चामड्याचं जाकीट घातलेला एक साधा माणूस बाहेर आला. तोवर हिची समजूत अशी, की विमानं देव उडवत असणार. मग घरी न सांगता फ्लाइंग क्लबात जायला लागली. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी ती दुसऱ्यांना उडवायला शिकवत होती, तेवढ्यात जून १९४१ उजाडला आणि जर्मन सैन्य सोव्हिएत संघात घुसलं. भाऊ लिओनिद पहिल्याच काही महिन्यांत मारला गेला. गाव जर्मनांच्या हातात गेलं, राहतं घर त्यांनी घेतलं. पळणाऱ्या बायकापोरांच्या रांगांवर खाली येऊन गोळ्या झाडणारी विमानं तिने पाहिली. ती सैन्यात नाव द्यायला गेली, तर तिला सांगितलं गेलं की बायकांचं इथे काम नाही.

तो नकार मोडला मारिना रास्कोवाने. रास्कोवा म्हणजे त्या काळात तिकडे घरोघरी माहीत असलेलं नाव. १९३८ साली तीन बायका मॉस्कोहून न थांबता अतिपूर्वेकडे उडाल्या, त्यातली ही नॅव्हिगेटर, म्हणजे नकाशावरून वाट सांगणारी. इंधन संपत आलं तेव्हा तिने तैगाच्या जंगलात पॅराशूटने उडी टाकली आणि दोन चॉकलेटच्या जोरावर दहा दिवस चालत विमान गाठलं. अशा बाईने स्तालिनकडे शब्द टाकला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बायकांच्या तीन रेजिमेंट उभ्या करायचा हुकूम निघाला. त्यातली ५८८वी रात्रीच्या बॉम्बफेकीची, तीच पोपोवाची. व्होल्गाकाठच्या एंगेल्स गावात मुली जमल्या, बहुतेक सगळ्या सतरा ते पंचवीसमधल्या. पहिल्यांदा वेण्या कापल्या गेल्या. मग गणवेश वाटले, पुरुषांच्या मापाचे. बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, आणि बूट इतके मोठे की पुढे कापडाचे नाहीतर वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. त्या युद्धात आमच्या धंद्याने केलेली ही मदत मला सगळ्यात आवडते. आदल्या दिवसाचा अग्रलेख कुणाच्या तरी पायाला तेवढा तरी उपयोगी पडला.

आणि मग ते विमान. पोलिकार्पोव्हने विसाच्या दशकाच्या शेवटी बनवलेलं, मुळात शिकाऊ वैमानिकांसाठीचं, नाव यू-२. पुढे १९४४ मध्ये पोलिकार्पोव्ह वारल्यावर त्याच्या नावाने ते पो-२ झालं. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं आणि रोगण दिलेलं कापड. दोन उघड्या बैठका, पुढे वैमानिक, मागे नॅव्हिगेटर. पाच सिलिंडरचं शंभर अश्वशक्तीचं इंजिन, आणि फार ताणलं तर ताशी दीडशे किलोमीटर. बॉम्ब लादल्यावर त्याहूनही कमी. आमच्याकडे द्रुतगती मार्गावर लोक याहून जोरात मोटारी हाणतात. एक ठिणगी लागली की कापड पेटायचं. शेतांवर औषध फवारायलाही ते वापरायचे, म्हणून रशियन लोक त्याला लाडाने मक्याच्या शेतातलं विमान म्हणायचे. जर्मनांनी त्याला आणखी एक नाव ठेवलं होतं आणि ते मी त्या सहा ओळींत घ्यायला हवं होतं असं आता वाटतं. शिलाई मशीन. अंधारात दुरून येणारी ती टकटक त्यांना शिलाई मशीनसारखी वाटायची.

एक रात्र कशी जात असेल, ते मी पुष्कळदा मनाशी जुळवून पाहिलं आहे. आघाडीपासून अगदी जवळ, गवताचं एखादं सपाट रान, दिवे जेमतेम. पंखांखाली दोन-तीनशे किलो बॉम्ब. ते अडकवणाऱ्याही मुलीच, आणि फ्यूज बसवताना हातमोजे काढावे लागायचे, थंडीत धातूला उघडी बोटं. पाठोपाठ एकेक विमान सुटायचं, मध्ये काही मिनिटांचं अंतर. रेडिओ नाही, १९४४ पर्यंत पॅराशूटही नाही. ते वजन घेण्याऐवजी आणखी बॉम्ब घेतलेले बरे, असा हिशोब. मागच्या मुलीच्या मांडीवर नकाशा, हातात पेन्सिल आणि घड्याळ. वारा इतका गार की चेहरा बधिर. लक्ष्य जवळ आलं की हजारभर मीटरवरून इंजिन अगदी मंद करायचं, कधी बंदच, आणि नाक खाली करून सोडून द्यायचं. पोपोवाने पुढे सांगितलेली एक युक्ती अशी, की तीन विमानं मिळून जायची. दोघी सर्चलाइटच्या झोतांना हुलकावणी देत दोन दिशांना पळायच्या, झोत त्यांच्यामागे, तोफा त्यांच्यामागे, आणि तिसरी अंधारातून बिनआवाजी खाली यायची. बॉम्ब टाकले की तिने झोत अंगावर घ्यायचे, म्हणजे पुढच्या मुलीची पाळी. तिघींचं टाकून झाल्याशिवाय कुणी परतायचं नाही. मग तळावर उतरायचं, इंधन भरायचं, नवे बॉम्ब लटकवायचे, आणि परत. पोलंडमधल्या एका रात्री पोपोवा अशी अठरा वेळा गेली.

अठरा. मी तो आकडा कापला होता.

जर्मनांमध्ये अशी वदंता होती, की या बायकांना अंधारात मांजरासारखं दिसावं म्हणून इंजेक्शनं देतात. पोपोवा यावर हसायची. रेजिमेंटमध्ये गणित, पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुली भरपूर होत्या, डोकी होती, हेच काय ते इंजेक्शन. नॅव्हिगेटर झेन्या रुदनेवा तर मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकत होती. तिच्या नावाचा लघुग्रह आहे आकाशात. ती १९४४ च्या एप्रिलमध्ये केर्चजवळ गेली, आपल्या ६४५व्या उड्डाणात. ताऱ्यांसाठी आकाश बघायला शिकलेल्या मुलीला ते असं बघावं लागलं, या ओळीपाशी मी नेहमी अडखळते, आणि मग स्वतःलाच दामटून पुढे जाते, कारण अशा ओळी लिहायला फार सोप्या असतात.

त्यांच्या बॉम्बनी काय साधलं? पूल, इंधनाचे साठे, गाड्यांच्या रांगा, हे सगळं होतंच. पण दोन-तीनशे किलोंनी असं किती उद्ध्वस्त होणार? या उड्डाणांमागचा एक उघड हेतू होता तो शत्रूला झोपू न देण्याचा. दिवसभर लढून खंदकात आडवा झालेला सैनिक रात्रभर दर काही मिनिटांनी उठला पाहिजे. बॉम्ब अंगावर पडो न पडो, त्याने सिगरेट पेटवायला भ्यायला पाहिजे, शेकोटी करायला भ्यायला पाहिजे. आपल्याकडे 'झोप उडवली' हा शब्द आपण वीजबिलाबद्दल वापरतो, परीक्षेच्या निकालाबद्दल वापरतो. इथे एक अख्खी रेजिमेंट त्यासाठी १९४२ च्या जूनपासून युद्ध संपेपर्यंत उडत होती, तेवीस हजारांहून जास्त वेळा. आणि ज्या उडवत होत्या त्यांनाही झोप कुठे होती? पहाटे उतरायचं, तीन-चार तास डोळा लागला तर लागला. कुणाकुणाला परतीच्या वाटेवर विमानातच डुलकी यायची. मागची मुलगी पुढचीला हलवायची.

आणि मला मधूनच तो खालचा माणूस आठवतो. त्याच्याबद्दल फार कळवळा वाटावा असं काही नाही. तो दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या शेतात खंदक खणून बसला होता, आणि पोपोवाच्या घरात त्याचेच भाऊबंद राहायला आले होते. पण मी रोज रात्री उतारावर होते ती वरची बाजू, आणि आई होती ती खालची. शिलाई मशीन चालू आहे तोवर ठीक, ते अजून लांब आहे, कुणा दुसऱ्याकडे चाललं आहे. ते थांबलं की मात्र ते आपल्याच डोक्यावर आहे.

हे आईला सांगितलं तेव्हा ती लालबागला पोचली. १९७१ चा डिसेंबर, ती तेरा वर्षांची. चाळीच्या खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावरच्या मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले, आणि गॅलरीत कुणी काडी ओढली तरी खालून पोरांचा ओरडा, "दिवा बंद करा!" भोंगा वाजला की सगळे बिऱ्हाडकरू जिन्याखाली. ती म्हणाली, "भोंगा वाजत असायचा तेव्हा पोरं खिदळत असायची. तो थांबला आणि दुसरा, सुटल्याचा, वाजेपर्यंत जो वेळ जायचा ना, त्यात कुणी शिंकलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा." मुंबईवर त्या वेळी काही पडलं नाही. तरी ती मधली शांतता तिच्या कानात पन्नासहून जास्त वर्षं राहिली आहे, आणि मला वाटत होतं तिला म्हातारपणामुळे जाग येते.

शांततेने एकदा त्या मुलींनाही गाठलं. ३१ जुलै १९४३ ची रात्र, कुबानच्या आघाडीवर. नेहमीप्रमाणे एकामागून एक विमानं निघाली. सर्चलाइट लागले, झोतात पहिलं विमान सापडलं, पण खालून एकही तोफ उडाली नाही. एरवी तोफा उडाल्या की जीव जातो की राहतो असं व्हायचं, त्या दिवशी त्या गप्प होत्या म्हणून मागून येणाऱ्यांच्या पोटात खड्डा पडला. तोफा गप्प होत्या, कारण वर अंधारात जर्मनांचं स्वतःचं रात्रीचं लढाऊ विमान फिरत होतं आणि झोतात उजळलेलं कापड त्याला अगदी समोर मिळत होतं. चार विमानं पेटली. आठ मुली. काहीही करायला वाव नव्हता, पॅराशूट नव्हतीच. रेजिमेंट तेव्हा एका शाळेत उतरली होती. सकाळी परतलेल्यांना दिसल्या त्या मिटून ठेवलेल्या आठ बिछान्यांच्या फळ्या.

पोपोवा दर वेळी बचावली. काळ्या समुद्राकाठी नोव्होरोसिस्कजवळ अडकलेल्या नौसैनिकांना पाणी, अन्न, दारूगोळा टाकायला ती आणि तिची नॅव्हिगेटर कात्या रियाबोवा गेल्या. नेम चुकू नये म्हणून इतक्या खाली, की घरी परतल्यावर विमानात गोळ्यांची बेचाळीस भोकं मोजली. नकाशात एक, हेल्मेटला एक. तेव्हा तिने कात्याला म्हटलं, आपण आता पुष्कळ जगणार. हे ऐकल्यावर मला आमच्या घरातल्या बायका आठवतात. गॅसच्या भडक्यातून वाचल्या, दरडीतून एसटी वाचली, की आधी हसतात, मग "आयुष्य वाढलं गं" म्हणतात, मग मीठमोहऱ्या ओवाळतात.

आणि ती कापलेली नवऱ्याची गोष्ट. ऑगस्ट १९४२, सोव्हिएत सैन्य काॅकेशसकडे मागे हटत होतं. पोपोवाचं विमान पाडलं गेलं आणि ती माघारीच्या गर्दीत आपल्या लोकांना शोधत चालत होती. जखमींच्या घोळक्यात एक तरुण बसलेला, सगळं डोकं-तोंड बँडेजमध्ये, उघडे फक्त डोळे, आणि त्या गोंधळात तो जाडजूड कादंबरी वाचत होता. सेम्योन खार्लामोव्ह, लढाऊ विमानांचा वैमानिक. चेहरा न दिसलेल्या माणसाशी ती बोलत बसली. पुढे वाटा फुटल्या, अधूनमधून गाठ पडली, आणि २३ फेब्रुवारी १९४५ ला 'वीर' किताबाच्या एकाच यादीत दोघांची नावं आली. युद्धानंतर लग्न केलं. तो पुढे जनरल झाला, ती बरीच वर्षं उडायला शिकवत राहिली. १९९० मध्ये तो गेला, ती नंतर तेवीस वर्षं एकटी. म्हातारपणी ती सांगायची, की कधी कधी अंधारलेल्या आकाशाकडे बघते, डोळे मिटते, आपण अजून त्या छोट्या बॉम्बर विमानात बसलेली पोर आहोत असं वाटतं, आणि मग स्वतःलाच विचारते, नाद्या, तू केलंस कसं हे?

हे सगळं मी आईला तुकड्यातुकड्यांत सांगत होते. ती भाजी निवडत होती. अठरा फेऱ्या, बेचाळीस भोकं, यावर ती "अगं बाई" एवढंच म्हणाली. पण शिलाई मशीनच्या नावावर तिचे हात थांबले. बाबांचा पगार पुरायचा नाही म्हणून ती रात्री ब्लाउज शिवायची, मी चार वर्षांची होईपर्यंत आम्ही एका खोलीत राहायचो आणि मशीन माझ्या उशाशी असायचं, हे मला ऐकून माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"मशीन चालू असेस्तोवर तू गाढ," ती म्हणाली. "दोरा संपला, बॉबिन बदलायला थांबले, की लगेच रडत उठायचीस. मग काम संपलं तरी मी दोरा काढून नुसतेच पाय मारत बसायचे. हाताखाली कापड नाही, काही नाही. शेजारच्या मावशी म्हणायच्या, काय गं, इतक्या रात्री कुणाचं शिवतेस?"

परवा उतारावर मी इंजिन चालूच ठेवलं. रसवंतीगृह गेलं, नाक्यावरचं कुत्रं उठून दोन पावलं गाडीमागे धावलं. फाटकाशी आले, गाडी स्टँडला लावली, आणि थोडा वेळ तशीच चालू ठेवून उभी राहिले. शेवटी किल्ली फिरवली.

वर खिडकीत दिवा लागला.